दोन सूत

गोव्यात मांद्र्याच्या किनाऱ्यावर मायदेशी निघालेल्या एका परदेशी माणसाकडून मी जुना लाँगबोर्ड, म्हणजे लाटांवर उभं राहायचा लांब सर्फबोर्ड, विकत घेतला. बोर्डासोबत त्याने फिन, म्हणजे शेपटीखाली बसवायचा माशाच्या परासारखा तुकडा, दिली, पिशवी दिली, मेणाची अर्धी वडी दिली. स्क्रू दिला नाही.

स्क्रू जेमतेम इंचभराचा असतो. त्याच्या जोडीला लागतो एक चौकोनी नट, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. या दोन वस्तू नसल्या तर सव्वानऊ फुटांचा बोर्ड म्हणजे पाण्यावर तरंगणारा दरवाजा, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. फिन हातात आहे, बोर्डाच्या पोटाला खाच आहे, फिन खाचेत जाते आहे. बाकी काय ते हार्डवेअरच्या दुकानात मिळेल, असं धरून मी निघालो. कोकणात वाढलेल्या माणसाचा हार्डवेअरच्या दुकानावर फार विश्वास असतो. पंपाच्या वॉशरपासून गणपतीवरच्या माटवीच्या हुकापर्यंत आपलं सगळं तिथेच तर मिळत आलंय.

आंब्याच्या रिकाम्या पेट्या घेऊन परतणाऱ्या टेम्पोत घालून बोर्ड मिठबावला, देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी, आणला. मार्च संपत आला होता. घरी कोणी फार काही बोललं नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस काहीतरी आणणारच, एवढंच आईने शेजारणीला सांगितलं.

ज्यांनी बोर्ड उलटा करून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेपटीकडे, पोटाच्या मधोमध, साधारण साडेदहा इंच लांबीची प्लास्टिकची एक अरुंद पेटी रेझिनमध्ये बसवलेली असते. तिला फिनबॉक्स म्हणतात. आत दोन्ही भिंतींना खोबणी असते आणि मध्ये एक लहानशी खिडकी. नट त्या खिडकीतून आत सोडायचा आणि खोबणीतून पुढे सरकवायचा. फिनच्या मागच्या बाजूला आडवी पितळी पिन असते. तीही त्याच खिडकीतून आत घालायची, फिन मागे ओढायची आणि हवी तिथे आली की पुढची बाजू खाली दाबायची. पुढच्या टोकाला एक जीभ असते, जिभेला भोक. भोकातून स्क्रू, स्क्रूखाली नट. नट खोबणीत अडकलेला असल्यामुळे वर येऊ शकत नाही. स्क्रू आवळला की जीभ आणि नट मिळून खोबणीच्या ओठाला चिमटा घेतात. झालं काम.

नट सरकवताना बोटं आत जात नाहीत, हा भाग मात्र कुठल्याच चित्रात दिसत नाही. मी पहिल्यांदा सुई वापरली, मग आईची क्रोशाची सळी. नंतर युक्ती कळली: स्क्रूच नटात दोन आटे अडकवायचा, त्याला दांड्यासारखं धरून नट जागेवर न्यायचा आणि मग स्क्रू काढून घ्यायचा. ही युक्ती कळायला मला अख्खा रविवार लागला.

माझा जुना नट आतच होता, वाळूत रुतून बसलेला. तो कोरून काढला आणि दुकानात नेला. दुकानदाराने एकामागोमाग चार स्क्रू लावून पाहिले, चौथा गेला. "एम-४ आहे, स्टेनलेस, काही होणार नाही," तो म्हणाला. घरी येऊन बसवला, चार वेढे गेला, घट्ट झाला. तिसऱ्या लाटेवर बोर्ड एकदम आडवा फिरला आणि मी डोक्यावर पडलो. बोर्ड उलटा केला तर फिन मागच्या पिनेवर लोंबकळत होती आणि स्क्रू अरबी समुद्रात.

दोष दुकानदाराचा नव्हता. या पेटीचं माप अमेरिकेत ठरलेलं, म्हणून स्क्रूही इंची: आठ नंबरचा, इंचाला ३२ आटे. जाडी ४.१७ मिलिमीटर. आपला एम-४ बरोबर ४ मिलिमीटर. शिवाय त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.७ मिलिमीटर, या नटाचं ०.७९. नट पातळ, म्हणून चारेक आटे एकमेकांना सांभाळून घेतात आणि आपल्याला वाटतं बसला. जोर आला की सगळे एकदम सोडून देतात. शेवटी कणकवलीच्या एका लेथवाल्याने पितळी पट्टीतून नवा चौकोनी नट कापला आणि त्यात एम-४ चे आटे पाडून दिले. मी सहा करून घेतले. अजून चार शिल्लक आहेत.

या सगळ्या भानगडीत आबा आले ते त्या फिनमुळे. आबा आमच्या शेजारचे, नात्याने कोणी नाहीत, पण माझ्या वडिलांचे मित्र म्हणून आमचे आबा. उभा जन्म होड्या बांधण्यात गेला. मी फिन हातात घेऊन अंगणात उभा होतो, ते कुंपणापलीकडून बघत होते.

"ह्यो काय मोरीचो पर घेऊन फिरतंस?"

मोरी म्हणजे शार्क. मी त्यांना बोर्ड दाखवला, पेटी दाखवली, फिन बसवून दाखवली. त्यांनी ती हलवून पाहिली. हलली नाही.

"सुकाणू हलणा नाय, तर वळतंस कसो?"

प्रश्न बरोबर होता. मी मोबाइलवर पाहिलेलं सगळं सांगायला लागलो: बोर्ड कलंडवायचा, एक कड पाण्यात दाबायची, वळण त्या कडेने येतं, फिनचं काम शेपूट धरून ठेवायचं, घसरू द्यायचं नाही. आबांनी हात वर करून मला थांबवलं.

"म्हणजे ह्यां सुकाणू नाय. ह्यां पठाण."

पठाण म्हणजे होडीचा कणा, तळाशी लांबीभर जाणारं मुख्य लाकूड. होडीला आडवं वाहू न देता सरळ ठेवायला त्याचीच मदत होते. मी मान डोलावली आणि विसरून गेलो. पुढे पावसाळ्यात, समुद्र बंद आणि बोर्ड माळ्यावर असताना, फिनचा इतिहास वाचत बसलो तेव्हा आबांचं वाक्य पुन्हा समोर आलं. हवाईचे लोक शतकानुशतके लाटांवर उभे राहत होते ते फिनशिवाय. वळायचं असलं की मागचा पाय पाण्यात टाकायचा, होडीतून वल्हं टाकावं तसा. १९३५ मध्ये टॉम ब्लेक नावाच्या माणसाने वायकिकीला आपल्या बोर्डाच्या शेपटीखाली पहिल्यांदा फिन ठोकली. ती त्याने मुद्दाम घडवली नव्हती. एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीखालचा धातूचा पठाण काढून त्याने बोर्डाला लावला होता. म्हणजे सर्फबोर्डाची पहिली फिन खरोखरच होडीचा पठाण होती. आबांना सांगितलं तर त्यांना यात नवल वाटलं नाही. उलट, "मगे तेच्या आधी काय करी होते मेले?" असं त्यांनी विचारलं.

ब्लेकनंतरचं थोडक्यात सांगतो, कारण तो सगळा पसारा माझ्या कामाचा नाही. साठच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनोने ट्यूना-डॉल्फिनसारख्या वेगवान जलचरांकडे पाहून पायाशी अरुंद, उंच आणि लवचीक फिन केली. आमच्याकडे कुप्पा, म्हणजे ट्यूनाच, कापताना त्याची चंद्रकोरीसारखी शेपूट पाहिली की ग्रीनोला काय दिसलं असेल ते कळतं. मग दोन फिन्स आल्या. मार्क रिचर्ड्सने त्यांच्यावर १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार जगज्जेतेपदं मिळवली. १९८० मध्ये सायमन अँडरसनने तीन फिन्सचा बोर्ड बनवला आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आज जगातले बहुतेक छोटे बोर्ड तीन फिन्सचे आहेत. त्या फिन्सचे कोन, आतला तिरकेपणा, बाहेरचा झुकाव यांवर लोक तासन्‌तास बोलतात. ते कोन बोर्ड घडवणाऱ्याने एकदा ठरवले की ठरले, आपल्याला सहसा बदलता येत नाहीत. माझ्या जुन्या लांब बोर्डाला मात्र ती सरकणारी एक फिन आहे, आणि माझी सगळी गोष्ट तिच्या सरकण्याची आहे.

पेटी साडेदहा इंच, फिनचा पाया सात इंच. उरते साधारण साडेतीन इंचांची मोकळीक. फिन पुढे घेतली की बोर्ड सहज वळतो, मागच्या पायाखाली शेपूट हलकी वाटते. फार पुढे घेतली तर उतारावर सुटूनच जाते. मागे नेली की बोर्ड सरळ धावतो, भरवशाचा होतो, आणि वळवताना तेवढाच हट्टी. बाणाची पिसं शेवटाला असतात, त्यातलाच प्रकार. ही झाली पोथी. कोणीही सांगेल आणि चूक सांगणार नाही. फिन मधोमध ठेवून सुरुवात करा, मग पाव-पाव इंच सरकवा, असंही सांगेल.

पाव इंच. मी आबांना म्हटलं, सहा मिलिमीटर. त्यांनी तोंड वाकडं केलं. "दोन सूत म्हण."

आमच्याकडचे सुतार अजून सुतात मोजतात. इंचाचे आठ सूत. फळीला दोन सूत कमी, पाचर एक सूत जास्त. आबांच्या डोक्यात मिलिमीटर कधी शिरलाच नाही, आणि गंमत अशी की या इंची पेटीसाठी तेच सोयीचं निघालं. पुढे मी बाजूच्या छोट्या फिन्स घेतल्या. त्यांच्या इवल्याशा स्क्रूला ३/३२ इंचाची षटकोनी चावी लागते. बाजारात अडीच मिलिमीटरची मिळाली ती जाईना, दोनची आतल्या आत फिरत राहिली. आबांनी हिशेब केला, "पाऊण सूत," आणि आपल्या पेटाऱ्यातून एक काळी पडलेली चावी काढून दिली. चपखल बसली. ती त्यांच्याकडे कुठून आली होती ते त्यांनाही आठवेना.

ऑक्टोबरमध्ये समुद्र निवळला आणि मी कामाला लागलो. सकाळी सहाला, मतलई वारा जमिनीवरून सुटलेला असतो तेव्हा, लाटेचा चेहरा गुळगुळीत असतो. दहा वाजले की खारा वारा येतो आणि सगळं चोळामोळा. तेवढ्या वेळात मी काय करायचो? दोन लाटा घ्यायचो, बाहेर यायचो, बोर्ड वाळूवर उलटा टाकायचो, स्क्रू सैल करायचो, फिन सरकवायचो, पुन्हा आत. पुन्हा दोन लाटा. एका सकाळी मी नऊ वेळा फिन हलवली. पायाच्या पंज्यापेक्षा स्क्रूड्रायव्हरला जास्त व्यायाम झाला. शिवाय मेणही बदलून पाहिलं, पायाची दोरी बदलली, उभं राहायची जागा बदलली. रात्री वहीत लिहिलं: "बरं वाटतंय."

आबांनी वही वाचली. "बरां म्हणजे कसां? जेवण काय तां?"

मग त्यांनी मला होडीच्या पाचरांबद्दल सांगितलं. होडी गळायला लागली की नवशिका सुतार सगळ्या संशयित पाचरी उपसतो. "एका टायमाक एकच पाचर काढूची. दोन काढलंस तर ढिली खंयची होती तां कसां कळतलां?" त्या दिवसापासून नियम केला: एका सकाळी फिनची एकच जागा. लाटा कशाही असोत, त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घरीच. पेटीच्या कडेला पेन्सिलीने सुताच्या खुणा केल्या, मध्याला शून्य. वहीत 'पु२', 'मा१' अशी नोंद, शेजारी तारीख, भरती की ओहोटी, उधाण की भांग (म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी), लाट गुडघ्याला की कमरेला. आणि "बरं" हा शब्द लिहायचा नाही.

हा शब्द गेल्यावर लिहिणं फार अवघड झालं. "डावीकडे वळताना उजव्या टाचेवर जास्त जोर द्यावा लागला." "उतरताना शेपूट एकदा डोलली, मग स्थिर." असल्या ओळी लिहायला त्या वेळी पाय काय करत होता ते आठवावं लागतं, आणि पाय काय करतो ते आपल्याला माहीतच नसतं. मला तर उभा राहिलो याचाच इतका आनंद असायचा की बाकीचं किनाऱ्यावर येईपर्यंत पुसून जायचं.

डिसेंबरात आबांनी परीक्षा काढली. मी पाठ करून उभा राहायचं, ते फिन सरकवणार, पेटीवर चिकटपट्टी लावून खुणा झाकणार, मी आत जाऊन पाच लाटा घेऊन येणार आणि फिन कुठे आहे ते सांगणार. सुरूच्या बनाकडे तोंड करून मी उभा राहिलो. मागे स्क्रू फिरल्याचा आवाज आला. आत गेलो. पहिल्याच लाटेवर कळलं: पुढे आलीय, चांगली दोन-तीन सूत. शेपूट मोकळी, वळण हलकं, एकदा तर सुटतेय की काय वाटलं. बाहेर येऊन मी हे सगळं सविस्तर सांगितलं. वहीच्या भाषेत, टाच वगैरे.

आबांनी चिकटपट्टी काढली. फिन शून्यावर.

"मी हातसुदा लावूक नाय. स्क्रू ढिलो केलंय, परत आवळलंय."

आठवडाभर मी वही उघडली नाही.

मध्ये एक काम निघालं ज्याचा या परीक्षेशी संबंध नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमचा किनारा सपाट आहे. ओहोटीला लाट तुम्हाला खूप आत, गुडघाभर पाण्यापर्यंत आणून सोडते आणि उतरायचं भान राहत नाही. बोर्डासोबत आलेली फिन साडेनऊ इंची. बोर्ड जितके फूट तितके इंच फिन, असा एक ढोबळ ठोकताळा आहे, त्यातच बसणारी. पण त्या ठोकताळ्यात मिठबावची ओहोटी धरलेली नाही. जानेवारीत एका सकाळी फिन वाळूत रुतली, बोर्ड जागीच थांबला, मी पुढे गेलो. फिन शाबूत होती. पेटीच्या पुढच्या कडेला मात्र केसाएवढी चीर गेली होती. त्या चिरेतून पाणी आत गेलं की आतला फोम ते पीत राहतो आणि बोर्ड हळूहळू जड होतो.

दुरुस्तीला लागतं रेझिन आणि फायबरची जाळी. ती दोन्ही किनाऱ्यावर मुबलक, कारण आता होड्या फायबरच्याच. आबांचा धंदा याच वस्तूने बसवला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पहिली फायबरची होडी आली तेव्हा ते हसले होते म्हणे. मग एकामागोमाग सगळ्यांनी लाकूड सोडलं. न कुजणारी, हलकी होडी कोणाला नको असते? तेव्हापासून आबा रेझिनच्या वासानेही उठून जायचे. मी त्यांना न सांगताच एका होडीवाल्याकडून डबाभर रेझिन आणलं आणि मागच्या पडवीत, त्यांना दिसणार नाही अशा बेताने, चीर घासायला बसलो. वास लपत नाही. ते आले, बघत राहिले. मी मिश्रणात हार्डनर जास्त घातला होता, ते धुरायला लागलं आणि मगमध्येच दगड झालं. आबांनी भांडं माझ्या हातून घेतलं. दुसरं मिश्रण त्यांनी केलं, नारळाच्या करवंटीत. चीर रुंद करून आतला ओला फोम तीन दिवस उन्हात वाळू दिला, मग भरलं, जाळी बसवली, वर मेणकागद दाबला. हे सगळं ते कधी आणि कुठे शिकले, मी विचारलं नाही. काम झाल्यावर हात रॉकेलने धुताना एवढंच म्हणाले, "लाकडाक असां करूक लागणा नाय."

त्यानंतर मी आठ इंची फिन घेतली. ती नवी फिन गायला लागली. खरंच. वेग आला की पायाखालून एक बारीक गुणगुण यायची, दूर कुठे मिक्सर चालू असल्यासारखी. फिनच्या मागच्या कडेवरून पाणी सुटताना दोन्ही बाजूंना आळीपाळीने भोवरे तयार होतात; कड बोथट किंवा वाकडी असली की ते भोवरे फिनला थरथरवतात आणि थर बोर्डात उतरतो. उपाय सोपा: पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने मागची कड घासायची, तोंडावर फडकं बांधून, कारण काचेच्या धाग्यांची धूळ छातीला वाईट. एका संध्याकाळीत आवाज गेला. नंतर थोडं चुकचुकल्यासारखं झालं, कारण त्या आवाजावरून वेगाचा अंदाज यायचा.

फिन थोडी हलायचीही पेटीत. त्यावर बाजारात तयार पट्ट्या मिळतात. मी जुन्या रिचार्ज कार्डाची चिंचोळी पट्टी कापून बाजूला सरकवली. पाचर मारली म्हणायला हरकत नाही.

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, किस्सा लिहू की नको असं चाललं होतं. लिहितोच. एका सकाळी धुक्यात मला रापणीचा दोर दिसला नाही. दोर किनाऱ्यावरून समुद्रात गेलेला होता, पंचवीस-तीस माणसं ओढत होती, आणि मी आडवा आलो. फिन दोरात अडकली. पुढच्या दहा मिनिटांत कानावर जे पडलं ते छापण्यासारखं नाही. मालवणी माणूस शिवी देताना सात पिढ्यांची वंशावळ काढतो. चूक माझी होती. रापण लागलेली असताना त्या पट्ट्यात उतरायचंच नाही, हे लहानपणापासून माहीत असलेलं मी बोर्ड आल्यापासून विसरलो होतो. बोर्ड बाजूला ठेवून दोराला हात लावला. शेवटी वाटा घातला तेव्हा ओढणाऱ्यांत मलाही धरलं आणि सहा बांगडे दिले. त्या दिवशीची नोंद वहीत आहे: "पु१. भरती. लाटा चार. बांगडे सहा."

वही भरत गेली तसं एक लक्षात आलं. इंटरनेटवर फिनबद्दल जे लिहिलेलं असतं ते कॅलिफोर्नियाच्या नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या लाटेबद्दल असतं. आमच्या किनाऱ्याचं गणित ऋतूवर आहे. थंडीत पर्शियन आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात, आमच्यापर्यंत पोचेस्तोवर मवाळ होतात. तेव्हा फिन दोन-तीन सूत पुढे बरी, नाहीतर बोर्ड मख्ख राहतो. एप्रिल-मेमध्ये पार दक्षिणेकडून, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाच्या वादळांतून निघालेल्या लाटा येतात. दोन लाटांमध्ये पंधरा-पंधरा सेकंदांचं अंतर, समुद्राचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या अंदाजात ते आधी कळतं. त्या लाटेला पोटात ताकद असते. तेव्हा पुढे असलेली फिन सुटते आणि माणूस तोंडघशी पडतो, म्हणून मागे. हे माझ्या वजनाला, माझ्या बोर्डाला, या किनाऱ्याला. शेजारच्या गावातही चालेल याची खात्री मी देणार नाही.

स्क्रू किती आवळायचा, हा प्रश्न मला अजून लोक विचारतात. दोन बोटांनी फिरेल तेवढा, आणि वर पाव वेढा. मूठ लावली की आटे जातात. आणि बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, दर महिन्याला एकदा पूर्ण काढून पुसायचं, नाहीतर मीठ आणि वाळू मिळून त्याला तिथेच पुरतात. मी एकदा तसा पुरलेला स्क्रू काढायला ड्रिल लावलंय. सांगण्यासारखं नाही ते.

यंदा मेच्या अखेरीस, बोर्ड माळ्यावर चढवायच्या दोनच दिवस आधी, आबांनी पुन्हा चिकटपट्टी हाती घेतली. आता त्यांना वाळूत बसवत नाही, म्हणून नातवाने प्लास्टिकची खुर्ची आणून दिली होती. मी सुरूकडे तोंड करून उभा राहिलो. पूर्वी सुरूची ही रांग पाण्यापासून बरीच लांब होती. आता पहिल्या ओळीची मुळं उघडी पडली आहेत. मागे स्क्रू फिरला, सैल झाला, बराच वेळ काही आवाज नाही, पुन्हा आवळला.

लाटा छातीपर्यंत होत्या. पहिली घेतली, काही कळलं नाही. दुसरीही. तिसऱ्या लाटेवर डावीकडे वळवायला गेलो आणि उजवी टाच आपोआप मागे सरकली. मी सरकवली नव्हती. तिला रोजची जागा पुरली नाही, म्हणून ती स्वतःच मागे गेली. चौथ्या लाटेवर मुद्दाम लक्ष ठेवलं, टाच पुन्हा तिथेच गेली. पाचवी घेतलीच नाही.

बाहेर आलो. "मागे नेलात," मी म्हटलं. "मा२."

आबांनी नातवाला खूण केली. त्याने पट्टी काढली. आबा खुर्चीतून वाकले, चष्मा कपाळावर सारला, सुताची जुनी लाकडी पट्टी पेटीच्या कडेला लावली आणि बराच वेळ बघत राहिले.

"तीन," ते म्हणाले. "तीन सूत. जा आता, भरती लागली."